व्हीएमचं घड्याळ सारखं मागं-पुढं होतंय? टाइम सेट करायच्या आधी हे बघा

व्हर्च्युअल मशीनमधला (व्हीएम, म्हणजे एका कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरनं उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर) टाइम चुकतोय, नीट केला की चार दिवसांनी परत चुकतोय, ही तक्रार आपल्या लातूर-नांदेड-परभणीकडं लई कॉमन झालीय. सेटअप पण सगळीकडं जवळपास सेमच असतो, एक जुना डेस्कटॉप नाहीतर असेंबल केलेला सर्व्हर, त्यावर व्हीएम चालवणारं व्हर्च्युअलबॉक्स किंवा प्रॉक्समॉक्स, एका विंडोज व्हीएममध्ये अकाउंटिंग, दुसऱ्या लिनक्स व्हीएममध्ये हजेरी नाहीतर वजनकाट्याचं सॉफ्टवेअर, आणि वरून लाइटीचा खेळ. मग जिनिंगवर कापसाची गाडी काट्यावर चढते चार वाजता आणि पावतीवर वेळ पडते ३:२२, आणि फोन येतो की "दादा, टाइम परत बिघडला."

यावर बहुतेक जण करतात काय, तर डेट कमांडनं टाइम हातानं टाकायचा आणि मोकळं व्हायचं. त्यानं आजचा दिवस निघतो, कारण तिथंच राहतं, आणि वरून घड्याळ किती आणि कसं चुकलं होतं हा एकुलता एक पुरावा तुम्ही स्वतःच पुसून टाकता. म्हणून आधी काहीच सेट करू नका. होस्टवर (खरं मशीन) आणि गेस्टवर (त्याच्या आतली व्हीएम) शेजारी शेजारी टाइम बघा, मोबाइलचा नेटवर्कवरचा टाइम समोर धरा, तिन्ही आकडे कागदावर लिहा, अर्ध्या तासानं परत लिहा, संध्याकाळी परत लिहा. फरक तेवढाच राहतोय का, हळूहळू वाढतोय का, एकदम उडी मारून आलाय का, की कधी मागं कधी पुढं असा झुलतोय, यातलं नेमकं काय ते एकदा कळलं की मग शोधायला फार काही उरत नाही, कारण प्रत्येकाचं कारण वेगळंय आणि एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही.

सोपं आधी उरकू. फरक बरोबर ५:३० तासांचा असेल, ना मिनिट कमी ना मिनिट जास्त, तर घड्याळ बिघडलेलंच नाही. आपला टाइम यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, साडेपाच तास पुढं असतो, आणि विंडोज असं धरून चालतं की हार्डवेअर क्लॉकमध्ये (मशीनचं सेलवर चालणारं घड्याळ, यालाच आरटीसी म्हणतात) लोकल टाइम आहे, लिनक्स धरून चालतं की तिथं यूटीसी आहे. हायपरवायजरनं (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) विंडोज गेस्टला यूटीसी दिला की तो साडेपाच तास मागं, लिनक्स गेस्टला लोकल दिला की साडेपाच तास पुढं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये व्हीएमच्या सिस्टम सेटिंगमध्ये 'हार्डवेअर क्लॉक इन यूटीसी टाइम' हा चेकबॉक्स आहे, लिनक्सला टिक ठेवा, विंडोजला काढा. प्रॉक्समॉक्सला व्हीएमच्या ऑप्शन्समध्ये 'यूज लोकल टाइम फॉर आरटीसी' आहे, तिथं उलटं, विंडोजला हो आणि लिनक्सला नाही. लिनक्सच्या आत टाइमडेटसीटीएल चालवून टाइम झोन एशिया-कोलकाता आहे का आणि आरटीसी लोकल टाइममध्ये नाही ना एवढं बघून घ्या. बूट झाल्यावर दोन-चार मिनिटं चुकीचा टाइम आणि मग आपोआप बरोबर, असं होत असेल तरी बहुतेक वेळा हेच कारण, एनटीपी (नेटवर्कवरून टाइम जुळवायची सोय) नंतर येऊन सावरून घेतं म्हणून दिसत नाही. टाइम झोन भलताच लावून आकडा जुळवायचा उद्योग मात्र करू नका, स्क्रीनवर बरोबर दिसतं पण आतला यूटीसी चुकलेला राहतो आणि मग ओटीपीपासून सर्टिफिकेटपर्यंत सगळं रडायला लागतं.

आता उडी. काल रात्रीपर्यंत बरोबर होतं आणि सकाळी बघतो तर सात तास मागं, किंवा दुपारी लाइट जाऊन आली आणि त्यानंतर पाऊण तास मागं. हे आपल्याकडं सगळ्यात जास्त दिसतं. यूपीएसनं बॅटरी संपत आली म्हणून सांगितलं, होस्टनं हायबरनेट केलं नाहीतर व्हीएमची स्टेट सेव्ह केली, लाइट आल्यावर सगळं जिथं थांबलं होतं तिथून पुढं चालू झालं. गेस्टच्या कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) आपण मधे थांबलो होतो याचा पत्ताच नसतो. खऱ्या लॅपटॉपमध्ये झोपेतून उठल्यावर ऑपरेटिंग सिस्टम स्वतः हार्डवेअर क्लॉक वाचून टाइम जुळवून घेते, पण इथं झोपला होस्ट, गेस्ट झोपलाच नाही, त्याच्या हिशोबानं मधे एक क्षण पण गेला नाही. मेमरीसकट घेतलेल्या स्नॅपशॉटवर (व्हीएमची त्या क्षणाची साठवलेली प्रत) परत गेलात तरी हेच, गेस्ट स्नॅपशॉटच्या तारखेला जाऊन बसतो.

यात गंमत अशी की गेस्टमध्ये एनटीपी व्यवस्थित चालू असतं, स्टेटस ॲक्टिव्ह दाखवतं, तरी टाइम चुकलेला राहतो, आणि लोक म्हणतात एनटीपी चालू असून कामून चुकतंय. कारण एनटीपी क्लायंट मुद्दाम भित्रे बनवलेत. जुना एनटीपीडी १००० सेकंदांपेक्षा, म्हणजे पावणेसतरा मिनिटांच्या आसपास, जास्त फरक दिसला की घाबरून बंदच होतो, हा कोणीतरी चुकीचा सर्व्हर आहे असं समजून. क्रॉनी हा नवा एनटीपी क्लायंट बंद होत नाही, पण त्याच्या कॉन्फिगमध्ये बऱ्याच डिस्ट्रोत मेकस्टेप १ आणि ३ असं असतं, त्याचा अर्थ असा की चालू झाल्यावर पहिल्या तीन अपडेटमध्येच एक सेकंदाच्या वरचा फरक उडी मारून भरायचा, नंतर कधीच नाही, नंतर फक्त घड्याळ किंचित जोरात पळवून भरायचा. हे जोरात पळवणं डिफॉल्टला जास्तीत जास्त ८३३३३ पीपीएम (दहा लाखात इतके भाग), म्हणजे साधारण बारा सेकंदाला एक सेकंद, त्या हिशोबानं एक तासाची तूट भरायला बारा तास लागतात. तोवर अख्खा दिवस गेला आणि पावत्या सगळ्या चुकीच्या.

म्हणून जी व्हीएम पॉज होते, सेव्ह होते किंवा लाइटीबरोबर झोपते तिच्यात क्रॉनीच्या कॉन्फिगमध्ये मेकस्टेपचा दुसरा आकडा ३ च्या जागी उणे १ करा, म्हणजे कधीही फरक एक सेकंदाच्या वर गेला की थेट उडी. काही जण याला नाक मुरडतात की डेटाबेसला उडी चालत नाही, पण पॉजनंतरची उडी ही पुढं असते, मागं नाही, आणि पुढच्या उडीनं फार फार तर एखादा सेशन एक्स्पायर होतो, पण पाऊण तास मागं असलेल्या घड्याळावर दिवसभर एंट्र्या करण्यापेक्षा ते बरं. आत्ताच्या आत्ता नीट करायचं असेल तर क्रॉनीसी मेकस्टेप चालवा. केव्हीएम (लिनक्समधला हायपरवायजर) असेल तर गेस्टमध्ये क्यूईएमयू गेस्ट एजंट (होस्टशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम) टाका, मग होस्टवरून लिबव्हर्ट या व्हीएम सांभाळणाऱ्या टूलच्या व्हर्श डोमटाइम कमांडनं गेस्टचा टाइम जुळवता येतो आणि हे रिझ्यूमनंतरच्या स्क्रिप्टमध्ये घालून ठेवता येतं. व्हर्च्युअलबॉक्सचे गेस्ट ॲडिशन्स (गेस्टमध्ये टाकायचं जोड-सॉफ्टवेअर) दर दहा सेकंदाला होस्टचा टाइम बघतात, पण तिथं पण एक उंबरठा आहे, डिफॉल्ट २० मिनिटं, त्याच्या आतला फरक ते हळूहळू भरतात आणि वरचा असेल तर सेट करतात. म्हणून दोन तास लाइट गेली तर टाइम पटकन सुधारतो आणि पंधरा मिनिटं गेली तर बराच वेळ चुकीचा राहतो, असला उलटा प्रकार दिसतो, तो बग नाही. व्हीबॉक्स सर्व्हिसला (ॲडिशन्समधला टाइम बघणारा भाग) टाइमसिंक सेट थ्रेशोल्ड असा ऑप्शन आहे, मिलिसेकंदात, तो ५००० वगैरे करून टाका.

डब्ल्यूएसएल टू (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) वापरणाऱ्या पोरांनी पण हेच समजून घ्या, ती आतून व्हीएमच आहे, लॅपटॉप झाकून ठेवला आणि उघडला की आतला उबंटू मागं राहिलेला सापडतो, मग अपडेट करताना ॲप्ट म्हणतं रिलीज फाइल अजून व्हॅलिड नाही. सुडोनं एचडब्ल्यूक्लॉक मायनस एस मारा, नाहीतर डब्ल्यूएसएल शटडाउन करून परत उघडा.

तिसरा प्रकार खरा डोकं खाणारा, फरक हळूहळू वाढतोय. इथं आधी आकडा काढा. एक पीपीएम म्हणजे दिवसाला ०.०८६४ सेकंद, १०० पीपीएम म्हणजे दिवसाला साडेआठ सेकंदांच्या पुढं. साध्या मदरबोर्डचं क्रिस्टल दहा-वीस पीपीएम इकडं तिकडं असणं नॉर्मल आहे आणि एनटीपी ते सहज सांभाळतं. क्रॉनीसी ट्रॅकिंग काढलं की फ्रीक्वेन्सीच्या ओळीत हा आकडा दिसतो. तो स्थिर असेल तर चिंता नाही. तो तीनशे-चारशे असेल किंवा दर वेळी वेगळाच दिसत असेल तर तुमच्या गेस्टचं घड्याळ अनस्टेबल आहे आणि एनटीपी नुसतं त्याच्या मागं पळतंय. एनटीपीडीची पळायची लिमिट ५०० पीपीएम आहे, दिवसाला ४३.२ सेकंद, त्याच्या वर चूक गेली की ते पण पुरं पडत नाही आणि मग थोड्या थोड्या वेळानं उड्या मारत बसतं.

असं होतं कशानं? गेस्टला वाटतं प्रोसेसर आपल्या बापाचा आहे, खरं तर होस्ट त्याला तुकड्या तुकड्यात वेळ देत असतो. जुन्या पद्धतीत कर्नल टायमरचे इंटरप्ट मोजून टाइम काढायचं, सेकंदाला १००, २५० किंवा १०००, आणि गेस्ट बाजूला ठेवलेला असताना आलेले इंटरप्ट हरवले किंवा नंतर गठ्ठ्यानं आले की मोजणी चुकली. आताची कर्नलं इंटरप्ट मोजत बसत नाहीत, एखादा काउंटर वाचतात, त्याला क्लॉकसोर्स म्हणतात, आणि सगळा खेळ कोणता क्लॉकसोर्स निवडलाय यावर आहे. सिस फोल्डरमध्ये डिव्हायसेस, सिस्टम, क्लॉकसोर्स, क्लॉकसोर्सझिरो असं आत गेलं की करंट क्लॉकसोर्स नावाची फाइल आहे, कॅट करून बघा. केव्हीएम गेस्ट असेल तर बहुतेक वेळा तिथं केव्हीएम-क्लॉक पाहिजे, हायपर-व्हीवर (मायक्रोसॉफ्टचा हायपरवायजर) हायपरव्हीवाला टीएससी (प्रोसेसरच्या आतला काउंटर) पेज, व्हीएमवेअरवर बहुधा टीएससी. तिथं एसीपीआय-पीएम किंवा एचपीईटी, म्हणजे प्रोसेसरच्या बाहेरचे हळू टायमर, दिसले तर कुठंतरी पाणी मुरतंय.

मग डीमेसेज (कर्नलचा लॉग) काढून त्यात क्लॉकसोर्स शोधा. टाइमकीपिंग वॉचडॉगनं टीएससीला अनस्टेबल मार्क केलंय, स्क्यू (दोन घड्याळांतला फरक) फार मोठा आहे, अशा अर्थाची ओळ सापडेल. कर्नलमधला वॉचडॉग दर अर्ध्या सेकंदाला टीएससीचा टाइम दुसऱ्या एका घड्याळाशी ताडून बघतो आणि फरक जास्त दिसला की टीएससीला काढून एचपीईटी किंवा एसीपीआय-पीएमवर जातो. एसीपीआय-पीएम ३.५७९५४५ मेगाहर्ट्झचा काउंटर, बरोबर असतो पण व्हीएममध्ये प्रत्येक वेळी वाचायला गेस्टमधून बाहेर हायपरवायजरमध्ये जावं लागतं, त्यामुळं डेटाबेस अचानक हळू झाल्यासारखा वाटतो. लोक मग मेमरी वाढवत बसतात.

पण वॉचडॉगचं म्हणणं दर वेळी खरं नसतं हे लक्षात ठेवा. लोड असलेल्या होस्टवर वॉचडॉग दोन घड्याळं वाचत असतानाच गेस्टचा प्रोसेसर काढून घेतला गेला तर दोन रीडिंगच्या मधे वेळ जातो आणि बिचारा टीएससी चांगला असून बदनाम होतो. म्हणून टॉपमध्ये एसटी हा स्टील टाइमचा (गेस्टला प्रोसेसर हवा असून होस्टनं दिला नाही तो वेळ, टक्क्यात) कॉलम बघा. तो सारखा दहाच्या वर राहत असेल तर घड्याळाला हात लावू नका, आधी होस्टवरची गर्दी कमी करा. चार कोअरच्या मशीनवर तीन व्हीएमना चार-चार कोअर वाटून ठेवलेले मी खूप ठिकाणी बघितलेत, मालकाला वाटतं जास्त दिले की जास्त पळणार. हजेरीच्या सॉफ्टवेअरला एक कोअर बास होतो. आणि होस्ट विंडोज असून त्यावर हायपर-व्ही किंवा कोअर आयसोलेशन (विंडोजची एक सुरक्षा सेटिंग) चालू असेल तर व्हर्च्युअलबॉक्स हायपर-व्हीच्या डोक्यावर बसून चालतो, व्हीएमच्या विंडोखाली हिरवं कासव दिसतं, त्या मोडमध्ये सगळंच रखडतं, टाइमसकट.

होस्टचा टीएससी खरोखर चांगला आहे का हे प्रॉक सीपीयूइन्फोच्या फ्लॅग्जमध्ये कळतं, कॉन्स्टंट टीएससी आणि नॉनस्टॉप टीएससी दोन्ही पाहिजेत. दोन्ही असतील, होस्टच्या स्वतःच्या डीमेसेजमध्ये तक्रार नसेल आणि स्टील टाइम पण ठीक असेल, तरच गेस्टच्या बूट लाइनमध्ये टीएससी बरोबर रिलायबल लिहायचा विचार करा. इंटरनेटवर कुठं दिसलं म्हणून सरसकट टाकू नका, कारण त्यानं वॉचडॉगचं तोंड बंद होतं, घड्याळ सुधारत नाही. होस्टचा टीएससीच खराब असेल तर केव्हीएम-क्लॉक पण त्याच्याच जिवावर चालतो, तेव्हा गेस्टमध्ये किती पण खटपट करा, उपयोग नाही. विंडोज गेस्ट केव्हीएमवर असेल तर लिबव्हर्टच्या क्लॉक सेक्शनमध्ये आरटीसीची टिक पॉलिसी कॅचअप, पीआयटीची डिले, एचपीईटी बंद आणि हायपरव्हीक्लॉक चालू, हे कॉम्बिनेशन लावा.

चौथा प्रकार, झुलणारं घड्याळ. दर काही मिनिटांनी चाळीस सेकंद पुढं, मग परत मागं, मग परत पुढं. याचं कारण जवळपास नेहमी एकच, टाइम जुळवणारे दोघं आहेत. एकाच बैलजोडीचे कासरे दोघांनी धरलेत आणि दोघांना वेगवेगळ्या शेतात जायचंय. व्हीएमवेअर टूल्स नाहीतर गेस्ट ॲडिशन्स नाहीतर हायपर-व्हीची टाइम सिंक सर्व्हिस गेस्टला होस्टकडं ओढते, आतला क्रॉनी इंटरनेटवरच्या सर्व्हरकडं ओढतो, आणि होस्टच मुळात चाळीस सेकंद चुकलेला असतो. कधी कधी तर तिघं असतात, सिस्टमडी-टाइमसिंकडी (लिनक्सचाच एक छोटा एनटीपी क्लायंट) पण चालू, क्रॉनी पण, आणि आधीच्या कोणीतरी जुगाड म्हणून क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणारं, क्रॉनी नव्हे) दर तासाला एनटीपीडेट घालून ठेवलेलं. तासाच्या ठोक्याला उडी येत असेल तर सरळ क्रॉनटॅब उघडा, दुसरं काही शोधूच नका.

इथं माझं मत पक्कं आहे, गेस्टमध्ये एकच ठेवा आणि इंटरनेट किंवा ऑफिसचं लॅन असेल तर ते एनटीपी ठेवा, बाकीचं बंद. व्हीएमवेअरमध्ये व्हीएमवेअर-टूलबॉक्स-सीएमडीनं टाइमसिंक डिसेबल होतं, पण तेवढ्यानं रिझ्यूम आणि स्नॅपशॉटनंतरची एकदाची सिंक बंद होत नाही, ती चालूच राहते, आणि होस्ट बरोबर असेल तर ती हवीच आहे. होस्ट चुकीचा असेल तर मात्र "सगळं बंद केलं तरी उड्या मारतंय" असं वाटतं, त्यामागं हेच. हायपर-व्हीला इंटिग्रेशन सर्व्हिसेसमधली टाइम सिंक्रोनायझेशनची टिक काढा. विंडोज गेस्टमध्ये टाइम कुठून येतोय हे डब्ल्यू३२टीएम क्वेरी सोर्सनं कळतं, तिथं व्हीएम आयसी असं काहीतरी आलं तर तो हायपर-व्हीच्या होस्टकडून घेतोय, लोकल सीमॉस क्लॉक आलं तर कोणाकडूनच घेत नाही. डोमेन कंट्रोलर (ऑफिसची लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) व्हीएममध्ये असेल तर जास्त सांभाळा, केर्बेरॉसला (लॉगिन तपासायची पद्धत) डिफॉल्टला पाच मिनिटांच्या वर फरक चालत नाही, आख्ख्या ऑफिसचं लॉगिन बंद पडतं. प्रॉक्समॉक्समधल्या एलएक्ससी कंटेनरला (पूर्ण व्हीएम नाही, होस्टचंच कर्नल वापरणारा हलका प्रकार) स्वतःचं घड्याळच नसतं, तो होस्टचंच वापरतो, त्याच्या आत क्रॉनी टाकून उगं वेळ घालवू नका.

होस्ट. आत्तापर्यंत सगळीकडं होस्ट बरोबर असेल तर, असं म्हणत आलो, पण आपल्याकडं होस्टच चुकलेला असायची शक्यता लई. जुन्या डेस्कटॉपमधला सीआर२०३२ सेल मेलेला असतो, मेन स्विच बंद झाला की बायोसची तारीख दहा-पंधरा वर्षं मागं जाते, त्यात नेट यायच्या आधी व्हीएम ऑटोस्टार्ट होतात आणि तीच तारीख उचलतात. चाळीस-पन्नास रुपयाचा सेल बदला आधी. मग होस्टवर एनटीपी लावा. सर्व्हर म्हणून आपल्याकडं दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी आहे, एनआयसीचे (सरकारचं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) समय१ आणि समय२ डॉट एनआयसी डॉट इन आहेत, नाहीतर इन डॉट पूल डॉट एनटीपी डॉट ओआरजी. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशात कंपन्यांनी एनपीएल किंवा एनआयसीच्या सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी, घड्याळं जुळवायला सांगितलंय, म्हणजे ऑडिटवाला विचारतो तेव्हा हे कामाला येतं. क्रॉनीसी सोर्सेसमध्ये रीच (सर्व्हरकडून उत्तर येतंय का ते) शून्य दिसत असेल तर यूडीपी १२३ पोर्ट कुठंतरी अडलाय, राउटर नाहीतर फायरवॉल बघा.

नेट दिवसातून चार वेळा जाणाऱ्या ठिकाणी होस्ट लिनक्स असेल तर मी होस्टच्या क्रॉनीलाच लॅनचा टाइम सर्व्हर करतो. अलाउ लिहून आपली लॅनची रेंज द्यायची आणि लोकल स्ट्रॅटम १० टाकायचं, म्हणजे नेट नसलं तरी तो टाइम देत राहतो. सगळ्या व्हीएम, हजेरीचं मशीन, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, सगळे त्याच्याकडून घेतात. नेट नसताना तो सेकंद-दोन सेकंद हलला तरी बिघडत नाही, काट्याची पावती आणि गेटचा कॅमेरा एकमेकांशी जुळले पाहिजेत, भांडण तिथं होतं.

गेस्ट पुढं गेलेला असेल आणि मागं आणायचा असेल तर आधी सॉफ्टवेअर आणि डेटाबेस बंद करा, टाइम नीट करा, मग चालू करा, नाहीतर एकाच वेळेच्या दोन-दोन एंट्र्या पडतात आणि क्रमच उलटा होतो. जुन्या चुकलेल्या पावत्यांच्या वेळा डेटाबेसमध्ये घुसून बदलू नका, रजिस्टरला शेरा मारा.

सगळं झाल्यावर दुकान बंद असताना मुद्दाम व्हीएम पॉज करा, अर्धा तास जाऊ द्या, रिझ्यूम करून क्रॉनीसी ट्रॅकिंग बघा. सिस्टम टाइमच्या ओळीतला आकडा काही मिनिटांत मिलिसेकंदात आला पाहिजे. क्रॉनीच्या कॉन्फिगमध्ये लॉग ट्रॅकिंग चालू करून आठवडाभर राहू द्या. तरी पण चुकलं तर तो लॉग, होस्ट कोणता, गेस्ट कोणता, करंट क्लॉकसोर्स आणि डीमेसेजमधल्या क्लॉकसोर्सच्या ओळी एवढं घेऊन विचारा, नुसतं "टाइम चुकतोय" म्हणून विचारलं तर कोणालाच काही सांगता येणार नाही.